मर रोगाचा माग काढणारा वैद्य : सर एडविन जॉन बटलर

आदिलाबादहून निर्मलकडे निघालेल्या हमरस्त्यावर गुडीहत्नूर लागते. तेथून एक फाटा इंद्रवेल्ली-उटनूरच्या डोंगराळ मुलखाकडे वळतो. पेनगंगेच्या अलीकडचा हा सारा पट्टा काळ्या जमिनीचा. कपाशी, कपाशीत सोडलेले तुरीचे तास, ज्वारी आणि गेल्या काही दशकांत आलेले सोयाबीन हे येथले संसाराचे पीक. पावसाळा सरून थंडी पडू लागली, तूर फुलावर आली, की एखाद्या सकाळी शेतकऱ्याच्या नजरेला एक झाड खटकते. पाने पिवळी पडलेली, शेंडे खाली झुकलेले. जमिनीत ओल असते, कीड दिसत नाही. तरी आठ-पंधरा दिवसांत ते झाड उभ्या जागी वाळते. बुंधा उभा चिरला तर आत काळपट रेघा दिसतात. आणि त्याला खेटून असलेले दुसरे झाड, त्याच मातीतले, त्याच पावसावर वाढलेले, शेंगांनी लगडून उभे असते.

तुरीला मर लागली, एवढे बोलून शेतकरी गप्प होतो. त्या दोन झाडांतील फरकाचा विचार मात्र एका माणसाने आयुष्यातील कित्येक वर्षे केला. तो ना या मुलखातला होता, ना शेतकऱ्याच्या घरात जन्मलेला. त्याने शिक्षण घेतले होते माणसांवर उपचार करण्याचे, आणि त्याचे नाव राहिले ते भारतीय वनस्पतिरोगशास्त्राचे जनक म्हणून. सर एडविन जॉन बटलर यांचे चरित्र ग्रंथालयाच्या वाचकांना फारसे परिचित नसले, तरी त्यांनी नाव दिलेले कवक या परिसरातील हजारो शेतांच्या मातीत आजही नांदत आहे.

बटलर यांचा जन्म १३ ऑगस्ट १८७४ रोजी आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील क्लेअर परगण्यात, किल्की या गावी झाला. वडील दंडाधिकारी होते. जन्मस्थळाचा उल्लेख येथे केवळ चरित्राची रीत म्हणून केलेला नाही. बटलर जन्मण्याच्या सुमारे तीस वर्षे आधी, १८४५ साली, आयर्लंडमधील बटाट्याचे पीक करप्याने काळे पडले. पुढल्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने आणि तिच्यामागून आलेल्या साथींनी मेली, आणि त्याहूनही अधिक देशोधडीला लागली. क्लेअर परगणा हा त्या आपत्तीत सर्वाधिक होरपळलेल्या भागांपैकी एक होता. दुष्काळाची आठवण सांगणारी माणसे बटलर यांच्या बालपणी घरोघर असणार.

त्या करप्याचे कारण दैवी कोप, दमट हवा, की जमिनीतील विष, यावर तेव्हा मोठा वाद झाला. बटाट्याच्या पानांवर दिसणारी पांढुरकी बुरशी हा रोगाचा परिणाम असावा, कारण नव्हे, असेच बहुतेक विद्वानांचे मत होते. जर्मन शास्त्रज्ञ आंतोन द बारी यांनी १८६१ मध्ये प्रयोगांनी दाखवून दिले की, बुरशी हेच कारण आहे. १८७६ मध्ये त्यांनी त्या जीवाला फायटोप्थोरा, म्हणजे वनस्पतींचा नाश करणारा, असे नाव दिले. बटलर तेव्हा दोन वर्षांचे होते.

कॉर्क येथील क्वीन्स कॉलेजातून बटलर १८९८ मध्ये वैद्यकाचे पदवीधर झाले. परंतु दवाखाना थाटण्याचा योग आला नाही. कॉर्कमध्ये मार्कस हार्टॉग हे सृष्टिविज्ञानाचे प्राध्यापक होते आणि त्यांना पाण्यात वाढणाऱ्या बुरशींचा नाद होता. तो नाद शिष्याला लागला. पिथियम नावाच्या, ओलसर मातीत राहून कोवळ्या रोपांची कॉलर कुजविणाऱ्या जीवांच्या मागे बटलर लागले. त्यासाठी पॅरिस, आंतीब, फ्रायबुर्ग अशी युरोपातील अभ्यासकेंद्रे पालथी घालून ते लंडनजवळच्या क्यू उद्यानात आले. रोग्याची नाडी पाहणारा वैद्य सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी पाहू लागला, हे ऐकायला विचित्र वाटते. पण हिंदुस्थानातील बुरशींचा आरंभीचा अभ्यास करणारे डी. डी. कनिंगहॅम आणि तांबेऱ्यावर काम करणारे ए. बार्कले हे दोघेही डॉक्टरच होते. रोगजंतूंचे शास्त्र त्या काळी वैद्यकाच्या अंगणात वाढत होते, म्हणून पिकांनाही पहिले वैद्य तेथूनच मिळाले.

क्यूच्या शिफारशीने १९०१ मध्ये बटलर कलकत्त्यास आले. हिंदुस्थान सरकारचे पहिले क्रिप्टोगॅमिक बॉटॅनिस्ट, म्हणजे फुले न येणाऱ्या वनस्पतींचे तज्ज्ञ, असे त्यांचे पद होते. वर्षभरातच त्यांचा मुक्काम डेहराडूनला हलला, आणि १९०५ मध्ये बिहारमधील पुसा येथे. अमेरिकेतील हेन्री फिप्स यांनी दिलेल्या तीस हजार पौंडांच्या देणगीतून लॉर्ड कर्झन यांच्या कारकिर्दीत तेथे शेतीसंशोधनाची संस्था उभी राहिली होती. तीत बटलर इंपीरियल मायकॉलॉजिस्ट, म्हणजे कवकशास्त्रज्ञ झाले.

त्यापूर्वीची स्थिती अशी होती, की येथील रोगट पाने आणि खोडे वाळवून, कागदात गुंडाळून बोटीने युरोपात जात. तेथील पंडित त्यांना लॅटिन नाव देत आणि प्रकरण संपे. पानाला नाव मिळे. शेताला काही मिळत नसे. बटलर यांनी पुसा येथे रोगग्रस्त नमुन्यांचा संग्रह उभारला, तो पुढे दिल्लीस गेला आणि आजही तेथे आहे. परंतु त्यांचे खरे काम असे की, त्यांनी नमुन्यावरून नजर उचलून शेताकडे पाहिले. रोग कोणत्या महिन्यात येतो, मुळातून येतो की पानातून, पावसाशी त्याचे नाते काय, कोणते वाण तगते, हे प्रश्न त्यांनी कवकाच्या नावाइतकेच महत्त्वाचे मानले.

याचा पहिला कस गोदावरीच्या मुखाशी लागला. गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशात ताडाची झाडे शेंड्याकडून मरत होती. ताड हे तेथील गरिबाचे झाड. त्याची पाने छपराला, रस पिण्याला आणि गुळाला, खोड वाशाला. झाडाचा वाढता कोंब कुजला की ताडाला दुसरा फुटवा नसतो. बटलर यांनी दाखविले की, हा जीव बाहेरच्या पानाच्या पोगीतून शिरतो आणि एकेका थरातून आत सरकत शेवटी कोंबापर्यंत पोहोचतो. त्याला महिनोन्‌महिने लागतात. बाहेरून झाड धडधाकट दिसत असताना आत वाटचाल चालू असते. रोगी झाडांचे शेंडे तोडून जाळण्याची मोहीम त्यांच्या सल्ल्यावरून सरकारने हाती घेतली आणि ती बरीच वर्षे चालली. या जीवाला त्यांनी प्रथम पिथियममध्ये घातले आणि पुढे १९१९ मध्ये स्वतःच आपली चूक दुरुस्त करून फायटोप्थोरामध्ये नेले. आयर्लंडच्या बटाट्यांचा काळ ठरलेल्याचा हा सख्खा भाऊ बटलर यांना गोदावरीकाठी भेटावा, हा योगायोग लक्षात राहण्याजोगा आहे.

पुसा येथील त्यांच्या कामाची नुसती यादी केली तरी दम लागेल. गव्हाचा तांबेरा, उसाची तांबडी कूज, बाजरीचे कणीस पालेदार करून टाकणारा गोसावी रोग, पूर्व बंगालातील भाताचा उफ्रा. या शेवटच्या रोगात सगळे कवक शोधत असता बटलर यांना डोळ्यांना न दिसणारा सूतकृमी सापडला आणि कवकशास्त्रज्ञाने १९१३ मध्ये तो निमूटपणे जाहीर केला. आपल्या शास्त्राबाहेरचे उत्तर मिळाले तर ते मान्य करणारे विद्वान फार नसतात.

परंतु गुडीहत्नूरच्या शेतकऱ्याशी ज्याचा थेट संबंध येतो ते काम तुरीचे. साम्राज्याच्या हिशेबात नीळ, कापूस, चहा यांना मोल होते, कारण ती परदेशी जाणारी पिके. तूर परदेशी जात नव्हती. ती इथल्या माणसाच्या ताटात वरण होऊन पडत होती. तिच्यासाठी सरकारी कवकशास्त्रज्ञाने इतकी वर्षे घालविली, ही गोष्ट बटलर यांचे मूल्यमापन करताना विसरता येत नाही. ते वसाहतीच्या सरकारचे नोकर होते, यात शंका नाही. पण कोणत्या रोगावर किती काळ थांबायचे ही निवड निदान अंशतः त्यांची असावी.

त्या काळी मर रोगाविषयी अमेरिकेतील अर्विन स्मिथ यांचे मत प्रमाण मानले जाई. कपाशी, कलिंगड, चवळी यांच्या मरीचे कारण म्हणून त्यांनी १८९९ मध्ये निओकॉस्मोस्पोरा नावाच्या कवकाकडे बोट दाखविले होते. मेलेल्या झाडांच्या मुळांवर त्याची लालसर फळे आढळत, हा त्याचा पुरावा. तुरीच्या मेलेल्या मुळांवरही ते सापडे. बटलर यांनी ते शुद्ध स्वरूपात वाढवून निरोगी रोपांच्या मातीत मिसळले; रोपे मेली नाहीत. मेलेल्या झाडाच्या आतून, पाणी वाहणाऱ्या नलिकांतून काढलेले दुसरे कवक मिसळले, तेव्हा रोपे माना टाकू लागली. प्रेताजवळ जो सापडतो तो खुनी असतोच असे नाही, ही साधी गोष्ट सिद्ध करण्यास त्यांना कित्येक हंगाम लागले. १९१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रबंधात त्यांनी निओकॉस्मोस्पोराला निर्दोष ठरविले आणि खऱ्या अपराध्याला फ्युझॅरियम उडम हे नाव दिले. ते नाव आजही चालते.

त्या प्रबंधाने रोगाचा मार्ग दाखविला. कवक मातीत, जुन्या तुरीच्या सडलेल्या मुळा-धसकटांत टिकून राहते. नव्या रोपाच्या बारीक उपमुळांतून ते आत शिरते, नलिकांत पोहोचते आणि पाण्याच्या वाटेने वर चढते. म्हणूनच कधी कधी झाडाची एकच बाजू वाळते आणि बुंध्यापासून वर जाणारा जांभळट पट्टा दिसतो : ज्या बाजूच्या नलिका पकडल्या, तीच बाजू आधी जाते. फुलोऱ्याच्या आणि शेंगांच्या काळात झाडाची पाण्याची गरज वाढते, तेव्हा आतला घात बाहेर दिसतो.

एक गोष्ट मात्र बटलर यांना सांगता येत नव्हती, आणि ती सांगितल्याचा आवही त्यांनी आणला नाही. कवक मुळात शिरले तेव्हा झाड काय करत होते? झाड काही मातीचा गोळा नव्हे. मरीच्या शेतात उभी राहिलेली ती शेजारची तूर काही तरी करत असली पाहिजे, आणि मेलेल्या तुरीला ते करता आले नसले पाहिजे. या प्रश्नाच्या उत्तरासाठी सूक्ष्मदर्शक पुरेसा नव्हता. बटलर यांनी त्यातून व्यवहाराचा मार्ग काढला : जी झाडे वाचली त्यांचे बी राखा, पुन्हा त्याच रोगट मातीत पेरा, पुन्हा वाचलेल्यांचे बी राखा. १९०८ पासूनच त्यांनी तुरीतील निवडीचा हा विचार मांडला होता. कारण न कळता उपाय सापडतो, हे वैद्याला नवीन नसते.

उत्तर यायला जवळजवळ शंभर वर्षे लागली. ते थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण त्यावाचून बटलर यांच्या प्रश्नाचे मोल कळत नाही.

माणसाच्या रक्तात रोगजंतूंशी लढणाऱ्या पेशी असतात आणि त्या शरीरभर फिरतात. झाडाला असे सैन्य नाही. तेथे प्रत्येक पेशीला आपले दार आपणच राखावे लागते. पेशीच्या बाहेरच्या पडद्यावर काही प्रथिने पहाऱ्याला असतात. कवकाच्या भित्तिका कायटिन नावाच्या द्रव्याच्या असतात, किड्यांचे कवच ज्याचे असते तेच हे द्रव्य. झाडाच्या अंगात कायटिन नसते. म्हणून कायटिनचा तुकडा दिसला की कोणी परका आला, हे पेशी ओळखते. कवकाची भिंत तोडणारी द्रव्ये ती सोडते, आपली भिंत जाड करते, नलिकांत अडथळे उभारते. बहुतेक बुरशी बहुतेक झाडांना काहीही करू शकत नाहीत, याचे कारण हा पहारा. रोग हा अपवाद आहे, निरोगीपणा हा नियम.

रोग करणारा जीव तो, ज्याला हा पहारा झोपविता येतो. त्यासाठी तो झाडाच्या अंगात स्वतःची प्रथिने सोडतो. शास्त्रज्ञ त्यांना प्रभावक म्हणतात. टोमॅटोच्या पानांवर वाढणाऱ्या एका कवकाचे प्रभावक कायटिनचे सुटलेले तुकडेच झडप घालून पकडते, त्यामुळे पहारेकऱ्याला काही दिसतच नाही. हे २०१० मध्ये उघडकीस आले. काही जिवाणूंची तऱ्हा निराळी. जिवाणू जवळ आले की पान आपली रंध्रे मिटून घेते. तेव्हा हे जिवाणू झाडाच्याच एका संप्रेरकासारखे रसायन तयार करतात आणि रंध्रे पुन्हा उघडतात. घरातल्या माणसाचा आवाज काढून कडी काढायला लावणाऱ्या चोराची ही रीत. ती २००६ मध्ये कळली. बटाट्याच्या करप्याचा संपूर्ण जनुकसंच २००९ मध्ये वाचला गेला, तेव्हा अशा प्रभावकांचे आराखडे त्यात शेकड्यांनी सापडले. आयर्लंडचा बटाटा प्रतिकार न करता मेला नव्हता. त्याचा प्रतिकार आतून मोडून काढण्यात आला होता.

झाडेही तेथे थांबत नाहीत. काही वाणांच्या पेशींत आतल्या बाजूस दुसरा पहारा असतो आणि तो नेमक्या एखाद्या प्रभावकालाच ओळखतो. ज्या शस्त्राने कवकाने पहिले दार उघडले, त्या शस्त्राचीच ओळख पटते आणि पेशी आपल्यासकट त्याला मारून टाकते. अमेरिकेत हॅरॉल्ड फ्लोर यांनी १९४० च्या दशकात जवसाच्या तांबेऱ्यावर काम करताना, झाडाच्या प्रतिकाराच्या एकेका जनुकासमोर रोगजीवाचे एकेक जनुक असते, हे हिशेबाने मांडले, ते याच गोष्टीचे बाह्य रूप होते.

मर रोगाबाबत तर चित्र आणखी चक्रावणारे निघाले. टोमॅटोला मर आणणारे फ्युझॅरियम हे तुरीवरच्या फ्युझॅरियमचे भाऊबंद. त्याचे एक प्रभावक टोमॅटोच्या नलिकांतील रसातच तरंगताना २००४ मध्ये सापडले. त्याच कवकाचे दुसरे एक प्रथिन टोमॅटोतील प्रतिकाराची दोन जनुके निष्प्रभ करते, पण तिसरे जनुक नेमके त्याच प्रथिनाला ओळखते, असे २००८ मध्ये सिद्ध झाले. म्हणजे ज्या वाणात ते तिसरे जनुक आहे ते उभे राहते. ज्यात पहिली दोनच आहेत ते मान टाकते. हा तपशील टोमॅटोचा आहे, तुरीचा नव्हे, आणि एकावरून दुसऱ्याविषयी सरसकट बोलणे बटलर यांनाच आवडले नसते. तरीही त्यांच्या शेतातील दोन शेजारी झाडांच्या कोड्याची उकल कोणत्या दिशेला आहे, ते यावरून दिसते. दरम्यान, १९५० च्या दशकात मद्रास विद्यापीठात टी. एस. सदाशिवन आणि त्यांच्या शिष्यांनी मर आणणारी फ्युझॅरियम कवके फ्युझॅरिक आम्ल हे विष झाडाच्या अंगात सोडतात, यावर मोलाचे काम केले होते. झाड केवळ नलिका तुंबून तहानेने मरत नाही, याची जाणीव त्या कामाने दृढ केली.

हे बहुतेक सर्व बटलर यांच्या निधनानंतरचे. पुसा येथे असताना त्यांनी आणखी एक गोष्ट केली आणि तिचे फळ त्यांना पाहता आले. त्यांनी देशी सहकारी तयार केले, आणि शोधनिबंधांवर आपल्याबरोबर त्यांची नावे घातली. अब्दुल हाफीज खान यांच्यासह उसाच्या रोगांवर, आणि मुंबई इलाख्यातील जी. एस. कुलकर्णी यांच्यासह अळूच्या करप्यावर त्यांचे लेखन १९१३ मध्ये प्रसिद्ध झाले. अळूचा करपाही फायटोप्थोराचाच. कुलकर्णी यांनी पुढे ज्वारीच्या काणीवर काम केले आणि १९३४ मध्ये मुंबई इलाख्यातील कपाशीच्या मरीवर मोठा निबंध लिहिला. जे. एफ. दस्तूर यांनी पुसा येथेच १९१३ मध्ये एरंडीवरील फायटोप्थोराची नवी जात नोंदविली. ते नंतर मध्य प्रांतात नागपूरला आले. एस. एल. आजरेकर आणि डी. व्ही. बाळ यांनी मध्य प्रांतातील कपाशीच्या मरीचे निरीक्षण १९२१ मध्ये लिहिले. पेनगंगेपलीकडच्या कपाशीचे हे वर्णन अलीकडच्या निजामी मुलखातील कपाशीलाही लागू पडावे, कारण संस्थानाची सीमा मातीतल्या कवकाला माहीत नसते.

१९१८ मध्ये कलकत्त्याच्या थॅकर, स्पिंक आणि कंपनीने बटलर यांचा ‘फंगाय अँड डिसीज इन प्लँट्स’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. हिंदुस्थानातील पिकांच्या रोगांवरचा तो पहिला समग्र ग्रंथ. पुढील कित्येक वर्षे कृषिविद्यालयांतील विद्यार्थ्यांच्या हाती तो राहिला. युरोपातील पाठ्यपुस्तके सफरचंद आणि द्राक्षे यांच्या उदाहरणांनी शिकवीत; येथे विद्यार्थ्याला पहिल्यांदाच ज्वारी, तूर, ऊस, सुपारी भेटले. एखादे शास्त्र एखाद्या देशात रुजते ते अशा पुस्तकाच्या दिवसापासून, असे म्हणता येईल.

१९२० मध्ये बटलर हिंदुस्थान सोडून क्यू येथे गेले. तेथे नव्याने स्थापन झालेल्या इंपीरियल ब्यूरो ऑफ मायकॉलॉजीचे ते पहिले संचालक. पंधरा वर्षे त्यांनी जे केले ते ग्रंथपालाच्या जातीचे काम होते. जगात कोठेही वनस्पतिरोगावर काही छापले गेले तर ते मागवायचे, वाचायचे, त्याचा गोषवारा करायचा आणि मासिकातून सर्वांना पोहोचवायचा. ‘रिव्ह्यू ऑफ अप्लाइड मायकॉलॉजी’ हे ते मासिक १९२२ मध्ये सुरू झाले. पुसा येथे बसून दूरदेशीच्या निबंधासाठी महिनोन्‌महिने वाट पाहिलेल्या माणसाला त्याची निकड कोणी समजावून सांगावी लागली नसणार. स्वतःचा सूक्ष्मदर्शक बाजूला ठेवून दुसऱ्यांचे संशोधन नीट लावून देण्यात उमेदीची पंधरा वर्षे घालविणे ही सामान्य निवड नव्हे. त्याच काळात जी. आर. बिस्बी यांच्याबरोबर त्यांनी हिंदुस्थानातील कवकांची सूची तयार केली. ती १९३१ मध्ये निघाली. १९२६ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले, १९३९ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला. १९३५ ते १९४१ या काळात ते ब्रिटनच्या कृषिसंशोधन परिषदेचे सचिव होते. पुसा येथील ज्या संस्थेत त्यांचे आयुष्य घडले तिची इमारत १९३४ च्या भूकंपात जमीनदोस्त झाली आणि १९३६ मध्ये संस्था दिल्लीस हलली. ४ एप्रिल १९४३ रोजी, महायुद्ध चालू असताना, बटलर यांचे निधन झाले. अपुरा राहिलेला त्यांचा दुसरा मोठा ग्रंथ एस. जी. जोन्स यांनी पूर्ण करून १९४९ मध्ये प्रसिद्ध केला.

तुरीच्या निवडीचे काम त्यांच्या पश्चात थांबले नाही. पुसा येथे त्यांच्या जागी आलेले मॅकरे आणि शॉ यांनी मर सोसणारे वाण वेगळे काढून १९३३ मध्ये त्याची हकीकत छापली. १९७२ मध्ये हैदराबादजवळ पाटनचेरू येथे इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संस्था आली आणि तुरीची मर हा तिच्या कामाचा एक मोठा विषय झाला. स्थानिक वाणातून निवडलेली ‘मारुती’ तूर १९८६ मध्ये प्रसारित झाली. मर आणि वांझ रोग या दोहोंना दाद न देणारी ‘आशा’ १९९३ मध्ये. मराठवाड्यात बदनापूरच्या केंद्रातून निघालेले बीएसएमआर ७३६ हे वाणही याच वाटेवरचे. ज्वारीत तूर पेरली तर मर कमी लागते, ही आजोबा-पणजोबांची चाल पाटनचेरूच्या प्रयोगांनीही खरी ठरविली.

अर्थात कवकही तेच राहत नाही. एका भागात तगलेले वाण दुसऱ्या भागात मान टाकते, कारण तेथील कवकाची जात निराळी असते. म्हणून नव्या वाणाची परीक्षा घेण्यासाठी पाटनचेरू येथे मरीचे शेत मुद्दाम राखावे लागते. शेतकरी मेलेल्या तुरीची धसकटे उपटून बांधाबाहेर जाळतो. तेथे ती गोळा करून, बारीक तोडून पुन्हा मातीत मिसळतात, वर्षामागून वर्षे त्याच जागी तूरच पेरतात, आणि त्या विषारी झालेल्या जमिनीत नव्या वाणाच्या ओळी लावून कोणते झाड उभे राहते ते पाहतात.